कामाला जा, पण वाडी पड टाकू नकोस

पोरी,

तुझा मेसेज वाचला, मॉलमधे हाउसकीपिंगला लागतेयस आणि आई दोन दिवस बोलत नाहीये. तू जा कामाला. आपल्या मुंबईतल्या आरेच्या पाड्यांतनं आता कामाला कोण जात नाही? पोरं डिलिव्हरीला, बाया सोसायट्यांत धुण्याभांड्याला, माझी स्वतःची कितीतरी वर्षं शूटिंगचे सेट उचलण्यात गेली. १९५१ला दूध कॉलनीचं उद्घाटन झालं, आजा सांगायचा की मग तोही तबेल्यांचं गवत कापायला लागला, म्हणजे धंदा बदलणारी तू काय पहिली नाहीस.

फक्त पहिल्याच महिन्यात पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहतो तो) आणि पगाराची स्लिप मागून घे. मी लाजलो, नाही मागितली, मग ठेकेदार बदलला, नवा म्हणे जुन्याला विचार आणि जुन्याचा फोन बंद, कापलेले पैसे गेले ते गेलेच.

आता वाडीचं. ती जमीन आपल्या नावावर करायचा दावा लावायचा तर वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो, पण त्याला सरकारी कागदच लागतो असं नाही, शेताचा बांध, जुनं घर, म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हेही पुरावे धरतात, फक्त तो म्हातारा स्वतः दावेदार नको. तू शिकलेली आहेस, शेजारची आजी धड बोलतेय तोवर तिच्याकडून लिहून घे ना! पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, नवराबायको दोघांच्या नावावर होतो हेही आईला सांग, तिला वाटतं सगळं बाबाच्याच नावावर जाणार.

मॉलला सुट्टी रविवारची देत नाहीत, मधल्या वारी देतील, त्या दिवशी आईबरोबर टोपली घेऊन स्टेशनला बस. पहिल्या पावसात शेवळं, ती रानभाजी, निघतात तेव्हा तर नक्कीच. आई जुडीबरोबर काकडं, ती आंबट रानफळं, का देते ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, घरी नेऊन नुसती शिजवतात आणि घसा खाजला की शिव्या आपल्याला. आतला पिवळा भाग काढायचा, काकडं किंवा काहीतरी आंबट घालायचं, एवढं तू मोबाइलवर व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंस तर ऑर्डर घरबसल्या येतील, स्टेशनवर हवालदार उठवायला आला की टोपली घेऊन पळायला नको.

आणि हो, यंदा मला दोन जुड्या ठेव, काकडं विसरू नकोस, मागच्या वेळी विसरली होतीस.

तुझा काका