दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एमबीबीएसचं पहिलं वर्ष झेपतं का? पहिलं वर्ष संपताना मुलांची खरी अवस्था काय असते?

तुम्ही तुमच्या मुलीसाठी विचारलंय, तिच्यासारखंच माझंही झालं. जालना जिल्ह्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी, अकरावी-बारावी लातूरला, एक वर्ष रिपीट आणि मग सरकारी कॉलेजचा नंबर. विद्यापीठाचं शेवटचं प्रॅक्टिकल मागच्या आठवड्यात झालं, निकाल यायचाय, हॉस्टेल अर्धं रिकामं आहे. त्यामुळे सवडीने लिहिते. (तुम्ही काका आहात की काकू हे नावावरून कळेना, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणते.)

झेपतं. पण तुम्हाला ज्याची धास्ती वाटतेय ते सहज निभावतं, आणि ज्याचा कुणी विचारही करत नाही त्यात मुलं अडकतात.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मढ्यांची भीती नाही वाटत का? सुरुवातीलाच आम्हाला डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मृतदेहावर शिकतात तिथे, शपथ दिली. या देहाचा मान राखू, फोटो काढणार नाही, थट्टा करणार नाही. देह टिकवायच्या फॉर्मॅलिन रसायनाने डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, एका मुलाला बाहेर नेऊन बसवावं लागलं. आठवडाभरात तोच मुलगा सगळ्यांत पुढे वाकून उभा होता. या हॉलमध्ये काही देह देहदानातून येतात आणि काही १९४९ च्या ॲनॅटमी ॲक्टखाली मिळालेले, ज्यांना न्यायला कुणीच आलेलं नसतं. आमच्या टेबलावरचे आजोबा कुठल्या वाटेने आले ते आम्हाला सांगितलं नाही. टाचांना मात्र भेगा होत्या, आमच्या गावात निम्म्या माणसांच्या असतात तशाच. मला त्यांची भीती कधी वाटली नाही, उलट त्यांच्यासमोर चुकीचा कट बसला की ओशाळल्यासारखं व्हायचं.

आता इंग्रजी. बारावी सायन्स इंग्रजीतूनच झालेलं असतं, नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यासही बहुतेकांनी इंग्रजीतूनच केलेला असतो, त्यामुळे अगदी कोरी पाटी नसते. शिवाय स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड (मानेचा एक स्नायू) हे प्रकरण पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटवाल्यांनीही इथे येऊनच पहिल्यांदा ऐकलेलं असतं. पहिले दोन-तीन महिने जाड पुस्तकाचं एक पान वाचायला खूप वेळ लागतो, हे खरं. दिवाळीनंतर लागत नाही. वाचण्याचा प्रश्न तिथेच संपतो.

खरी गोची बोलण्याची. नीट म्हणजे १८० प्रश्न, चार पर्याय, गोल काळा करायचा. तुमच्या मुलीने दोन-तीन वर्षं तोंड न उघडता परीक्षा दिल्यात, आणि त्यात ती हुशार ठरलीय. इथे ॲनॅटमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री या तिन्ही विषयांत लेखी पेपर असतातच, पण प्रॅक्टिकलला सरांसमोर बसून व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा द्यावी लागते. शेवटच्या परीक्षेला दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, येतात. एका टेबलावर हार्ड पार्ट म्हणजे हाडं, एकावर सॉफ्ट पार्ट म्हणजे काढून ठेवलेले अवयव, एकीकडे एक्स-रे, एकीकडे गर्भाची मॉडेल्स. स्पॉटिंगला, म्हणजे टेबलावर ठेवलेली वस्तू ओळखायच्या परीक्षेला, तर बेल वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं, सुचो न सुचो.

माझ्या पहिल्या पार्ट कम्प्लीशनला (शरीराचा एक भाग शिकवून झाला की होणारी परीक्षा) मॅडमनी हातात क्लॅव्हिकल दिलं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. कुठलंही हाड हातात आलं की आधी ते डावं की उजवं ते ठरवायचं, मग शरीरात जसं असतं तसं धरून दाखवायचं, मग पुढचं बोलायचं. मला सगळं येत होतं. आतलं टोक जाड, बाहेरचं चपटं, आतल्या दोन तृतीयांश भागाचा बाक पुढे, खालच्या बाजूला स्नायूची खाच. लांब हाडांमध्ये हेच एक आडवं असतं आणि गर्भात सगळ्यांत आधी हाडात रूपांतर व्हायला सुरुवात होते तीही याच्यापासून. हे सगळं रात्री पाठ म्हटलं होतं, मनातल्या मनात. मॅडमसमोर तोंडातून फक्त 'मॅम, राइट साइड' एवढंच बाहेर आलं. "मग?" "मग?" असं दोनदा विचारून त्यांनी हाड परत घेतलं. माझ्यानंतर ठाण्याची एक मुलगी गेली. तिला माझ्यापेक्षा कमी येत होतं, हे मी शपथेवर सांगते, कारण आदल्या रात्री तिला मीच शिकवलं होतं. ती पाच मिनिटं छान बोलली आणि चांगले मार्क घेऊन आली.

यात अन्याय आहे का? थोडा आहे. पण पेशंटसमोर आणि वरच्या डॉक्टरसमोर आयुष्यभर बोलायचंच असतं, त्यामुळे ही परीक्षा काढून टाका असं मी म्हणणार नाही. कॉलेजांनी मात्र पहिल्या महिन्यातल्या फाउंडेशन कोर्समध्ये योगा आणि टाइम मॅनेजमेंटच्या भाषणांऐवजी रोज प्रत्येकाला दोन मिनिटं उभं करून बोलायला लावलं असतं तर आमच्यासारख्या निम्म्या पोरांचं भलं झालं असतं.

मग मी काय केलं, तर दोन गोष्टी. डिसेक्शन हॉलच्या मामांशी, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्याशी, ओळख केली. प्रत्येक कॉलेजात असे एक मामा असतात. डिग्री नाही, पण इतक्या बॅचेस पाहिलेल्या असतात की कुठल्या हाडावर एक्स्टर्नल काय विचारतात ते त्यांना तोंडपाठ. दुपारी हॉल रिकामा असला की ते हाड हातात देऊन म्हणायचे, "बोल, मला सांग, मोठ्यानं." चुकलं की चुकलं म्हणायचे, बरोबर काय ते सांगायचे नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे पप्पांचा फोन. माझे पप्पा मोटार रिवायंडिंगचं काम करतात. शिक्षण नववी. रोज रात्री जेवलीस का, पैसे आहेत का, एवढ्यावर फोन संपायचा. एकदा त्यांनी सहज विचारलं, आज काय शिकवलं? त्या दिवशी किडनी झाली होती. म्हटलं, दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतात, लघवी होते दीड लिटर. पप्पा थोडं थांबून म्हणाले, "परतच घ्यायचंय तर एवढं गाळायचं कशाला?"

मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी ट्युटोरियलला हाच प्रश्न सरांना विचारला. सर खुश झाले आणि म्हणाले, नको असलेली एकेक गोष्ट ओळखून बाहेर टाकायची तर तितक्या यंत्रणा लागतील, त्यापेक्षा सगळंच बाहेर काढायचं आणि हवं तेवढं उचलून परत घ्यायचं, मग अनोळखी घाणही आपोआप निघून जाते. रात्री हे पप्पांना सांगितलं. तेव्हापासून रोज एक टॉपिक ठरला. हृदयाच्या झडपा त्यांना सेकंदात कळल्या, "आपल्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हसारखं, पाणी मागं जाऊ नये म्हणून." आणि लगेच पुढचा प्रश्न, फूटव्हॉल्व्ह गळायला लागला तर? हा तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यास निघाला. मी लायब्ररीत जाऊन वाचून आले.

मराठीत सांगून इंग्रजी व्हायव्हाचा काय उपयोग, असं रूममेट म्हणायची. उपयोग असा की आधी क्रम बसतो. काय आधी सांगायचं, कशामुळे काय होतं, कुठे थांबायचं. तो एकदा बसला की इंग्रजीत मोडकंतोडकं बोललं तरी समोरच्याला कळतं. शेवटच्या प्रॅक्टिकलला माझं व्याकरण चुकत होतं, एक्स्टर्नल सरांनी एकदाही अडवलं नाही. विद्यापीठ नाशिकचं असलं तरी परीक्षक आपल्यातलेच असतात, कित्येक जण स्वतः जिल्हा परिषद शाळेतून आलेले.

मराठीचा थेट फायदाही एके ठिकाणी होतो. आता पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात, त्यांच्याकडे अधूनमधून जाऊन वजन, बीपी, आजारपण यांची नोंद ठेवायची. आमच्या बॅचमध्ये ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांवर राजस्थान, केरळ, दिल्लीची मुलं आहेत. वर्गात अस्खलित बोलणारी ही मंडळी गावात माझ्या मागे उभी असायची. एक आजी बीपीची गोळी बंद का केली ते सांगत होत्या. सून बाळंतपणाला गेली, गोळ्यांची पिशवी तिच्याकडे, मागायला संकोच वाटतो. हे कळायला मराठी लागतं, आणि ओट्यावर बसून चहा प्यायची तयारी लागते. त्या दिवसानंतर वर्गातही माझा आवाज जरा वाढला.

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलचं एक सांगते, मुलगी आहे म्हणून. रक्ताच्या चाचण्या आम्ही स्वतःच्याच बोटाला टोचून करतो. साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढताना नळीत हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यायचं, त्यात ०.०२ मिली रक्त सोडायचं, थोडं थांबायचं, मग शेजारच्या तपकिरी रंगाशी जुळेपर्यंत थेंब-थेंब डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. माझा रंग फार लवकर जुळला. मला वाटलं पाणी जास्त पडलं. मॅडमनी परत करायला लावलं, तरी साडेनऊ. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय. आमच्या टेबलावर १२ च्या वर एकच मुलगी होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हा आकडा आम्ही कम्युनिटी मेडिसिनला पाठ केला होता. त्यात आपणही आहोत हे त्या नळीत दिसलं. लातूरची दोन-तीन वर्षं मी वडापाव आणि चहावर काढली होती, थकवा म्हणजे अभ्यासाचा थकवा असंच सगळे म्हणायचे. मुलीचं हिमोग्लोबिन कॉलेजला पाठवायच्या आधीच तपासून घ्या, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होतं.

बाकीचं भराभर. आपल्या शाळेत पहिली आलेली मुलगी इथे मधल्या रांगेत येते, कारण सगळेच कुठे ना कुठे पहिले आलेले असतात. पहिल्या इंटर्नलनंतर, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेनंतर, ती फोनवर रडेल. रडू द्या, दोन दिवसांनी स्वतःच थांबेल. लेखीत बायोकेमिस्ट्रीकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि शेवटी तिथेच विकेट पडते. हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, यात कुणाची ओळख चालत नाही. नापास झालं तर पुरवणी परीक्षा असते, पण पहिलं वर्ष पास व्हायला एकूण ४ च प्रयत्न मिळतात. प्रवेशाच्या शेवटच्या राउंडला नंबर लागला असेल तर महिनाभराचा अभ्यास आधीच झालेला असतो, तो कुणी परत घेत नाही, सीनिअरच्या नोट्सवर भरून काढावा लागतो.

सीनिअर म्हटल्यावर रॅगिंग विचाराल. आमच्याकडे 'इंट्रो'च्या नावाखाली रात्री उभं करायचे, मान खाली घालायला लावायचे. एका मुलीने १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन केला आणि ते आठवड्यात बंद झालं. नंतर त्याच सीनिअर पोरींनी आम्हाला परीक्षेच्या आदल्या रात्री जागून शिकवलं, हेही सांगायला हवं. मला त्यांचा राग पूर्ण गेलेला नाही आणि नोट्सही मी ठेवून घेतल्यात.

पैशाचं: ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. महाडीबीटीच्या (राज्याच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलच्या) अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी तहसीलला आत्ताच जा, ऑगस्टनंतर तिथे झुंबड असते. मेस आणि हॉस्टेलचा खर्च उरतोच. इंटर्नशिपनंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड आहे, नाही केली तर १० लाख भरावे लागतात, हे प्रवेशाच्या वेळी सही करताना वाचून घ्या.

सामानात पूर्ण बाह्यांचे दोन ॲप्रन द्या, एक कायम फॉर्मॅलिनचा वास मारतो म्हणून वेगळा ठेवावा लागतो. बोन सेट नवा अजिबात घेऊ नका, दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुली अर्ध्या किमतीत देतात. माझाही द्यायचाय, पण निकाल लागल्यावर.