प्रयोगशील चित्रपट मुलांना दाखवावेत का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मे महिन्यात आमचा छंदवर्ग असतो. उन्हाळी वर्गात मुलांना प्रयोगशील, म्हणजे गोष्ट सांगण्यापेक्षा चित्र आणि आवाज यांच्याशी खेळणारे, चित्रपट दाखवल्याचं तुम्ही मागे लिहिलं होतंत. तसे दोन-तीन मी स्वतः पाहिले, काहीच कळलं नाही. मग मुलांना काय समजावून सांगू?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : समजावून सांगू नका, बाई. पहिल्या दिवशी दाखवूही नका. आधी मुलांच्या हाती कॅमेरा द्या.

यंदा मे महिन्यात मी कोकणातल्या एका शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना शिकवत होते. सामान म्हणजे एक मोबाइल, एक स्टँड आणि शाळेचा व्हरांडा. एका मुलाला फरशीवर बसवायचं, फोटो काढायचा. त्याने चार बोटं पुढे सरकायचं, पुन्हा फोटो. सेकंदाला 12 फोटो धरले तर दहा सेकंदांना 120 लागतात. ते सलग लावले की मुलगा बसल्या बसल्या व्हरांडाभर घसरत जातो. या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. मोबाइलचा फोकस आणि एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) लॉक करून ठेवा, नाहीतर ऊन-सावली बदलली की चित्र लुकलुकतं. आमच्या एका गटाने मात्र लॉक मुद्दाम काढून टाकला, कारण त्यांना ते लुकलुकणंच हवं होतं. माझ्या मते वर्ग खरा सुरू झाला तो त्या दुपारी.

संध्याकाळी भिंतीवर दिग्दर्शक प्रमोद पतींचा ‘आबिद’ (1972) लावला. चित्रकार आबिद सुरती त्यात याच तंत्राने वावरतात. प्रस्तावना केली नाही. मिनिटभरात मुलं ओरडायला लागली, “बाई, हे आपलंच!” मग, “ह्यांना किती फोटो काढावे लागले असतील?” त्यानंतर पतींचाच ‘एक्सप्लोरर’ (1968) दाखवला. तो अवघड आहे. प्रतिमा भराभर आदळतात आणि ध्वनीही अंगावर येतो. याचा अर्थ काय, हे मी विचारलंच नाही. इथे काय केलंय, एवढंच विचारलं. कुठलं चित्र परत आलं? आवाज कुठे तुटला? चित्र कुठे गडद झालं? दिवसभर स्वतः चौकटी, म्हणजे एकेक फोटो, मोजलेल्या मुलांना हे बरोबर दिसतं. अर्थाचं बोलणं दुसऱ्या दिवशी त्यांनीच काढलं, तेही भांडत.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. हे दोन्ही चित्रपट फिल्म्स डिव्हिजनचे, म्हणजे सरकारी. टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी जिचे माहितीपट लागत, तीच ही संस्था. साठच्या दशकात जहांगीर भावनगरींसारख्या अधिकाऱ्याने दिग्दर्शकांना मोकळीक दिली. पतींनी तर कुटुंबनियोजनाच्या प्रचारपटांतही असले खेळ केले. फिल्म्स डिव्हिजनचे बरेच जुने लघुपट यूट्यूबवर आहेत. मुलांना बसवण्याआधी स्वतः पूर्ण पाहा. आणि तुम्हीसुद्धा आधी व्हरांड्यात 120 फोटो काढा, मगच पुन्हा पाहायला बसा.

प्रश्न : आमच्या गावची टॉकीज बंद पडली. मालकांकडे फिल्मची जुनी रिळं आहेत. ती खरवडून त्यांवर चित्रं काढता येतील का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : कोऱ्या, टाकाऊ तुकड्यांवर जरूर काढा. निस्तेज बाजूने कंपासच्या टोकाने खरवडायचं, कायम टिकणाऱ्या मार्करने रंगवायचं. 35 मिमी फिल्मच्या फुटात 16 चौकटी असतात आणि सेकंदाला 24 पळतात, म्हणजे दीड फुटात एक सेकंद. मुलांना हे गणित फार आवडतं.

चित्रण असलेल्या रिळांना मात्र सुई लावू नका. 1950च्या आसपासची किंवा त्याआधीची असतील तर ती नायट्रेट या जुन्या प्रकारच्या फिल्मची असू शकतात. नायट्रेट भडकन पेटतं आणि सहजी विझत नाही. ते मुलांच्या हाती देऊच नका. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर फिल्म अॅसिटेट या दुसऱ्या प्रकारची आहे आणि कुजू लागली आहे. दोन्ही बाबतींत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. चित्रकार अकबर पदमसींच्या दुसऱ्या प्रयोगपटाची एकच प्रत होती. ती हरवली आणि चित्रपटच गेला. म्हणून या बाबतीत मी कडक आहे.

प्रश्न : वय बावन्न. आयुष्यभर रेखाटनं केली. आता व्हिडिओकडे वळायला उशीर झाला का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. पदमसींनी 1969 साली नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कलावंतांची कार्यशाळा उभी केली, तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, नावाजलेले चित्रकार होते. तेविशीतल्या चित्रकार नलिनी मलानीही तिथेच काम करत होत्या. पदमसींचा ‘सिझिजी’ (1970) हा चित्रपट नुसत्या रेषांचा आहे. शेकडो रेखाटनं अॅनिमेशनकार राम मोहन यांनी हलती केली. रेखाटनं तर तुमच्याकडे आहेतच. कॅमेरा विकत घ्यायची घाई करू नका. एक जुनी वही काढा, मोबाइल स्टँडवर पक्का बसवा आणि पानामागून पान टिपत चला.