प्लेसमेंट लावताना आधी सुपरवायझर बघ

वाचा-श्रवण थेरपी शिकणाऱ्या पोरांना प्रत्यक्ष सरावाला कुठे पाठवायचं ते नंतर. तिथे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला सुपरवायझर आहे का, ते आधी विचार. नसेल तर सरावाच्या तासांवर सही कोण करणार? जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीपासून, म्हणजे मुलांतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रापासून सुरुवात कर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांतली मुलं तिथेच पाठवतात. उशिरा बोलणारी, टाळू फाटलेली, कमी ऐकणारी सगळी दिसतात. मेळघाटात मात्र कित्येक घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया. मराठी चाचणीत मूल मागे पडलं म्हणून लगेच 'भाषा विलंब' लिहू देऊ नकोस. ती भाषा बोलणाऱ्या आशाताईला सोबत बसव. कापूस वेचणीत मायबाप वावरात असतात, थेरपीला कोण येणार? तेव्हा शाळातपासणी ठेव. अन् परतीची शेवटची एसटी डेपोत स्वतः विचारून घे.