नातीच्या केसांना फणी लावू कशी?

प्रश्न: ताई, मी फोंड्याजवळ राहते. मुलगा लंडनला असतो, सून मूळची घानाची, नात सात वर्षांची. यंदा चवथीला नात नुसती बापाबरोबर येतेय तीन आठवडे, सुनेला रजा नाही. पोरीचे केस अगदी बारीक कुरळे, स्प्रिंगसारखे. मागच्या वेळी मी आपल्या नेहमीच्या फणीने विंचरायला बसले तर ती रडायलाच लागली. शेजारीण म्हणते पार्लरमध्ये नेऊन स्मूदनिंग करून टाका, फोटोत बरं दिसेल. मला ते काही पटलं नाही, पण मग करू काय? तेल चालतं का? रोज धुवायचे का?
- एक आजी

उत्तर: काकी, तुम्हाला ते पटलं नाही हे वाचून फार बरं वाटलं बघा. मी सहा वर्षं क्रूझवर सलूनमध्ये होते, शेजारच्या खुर्चीवर जमैकाची एक मैत्रीण काम करायची, तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे केस कोरडे असताना फणी लावायचीच नाही. तेच तुम्हाला सांगते.

आधी केस पाण्याने पूर्ण भिजवा, भरपूर कंडिशनर लावा, चार भाग करून तीन भाग क्लिपने वर बांधून ठेवा, मग एकेक भाग घेऊन आधी बोटांनी गुंता सोडवा आणि नंतर जाड दातांचा कंगवा घ्या, तोही टोकाकडून सुरू करून हळूहळू वर मुळाकडे, आपण वरून खाली ओढतो ना तसं अजिबात नाही. तासभर लागेल. लागू दे, तिला गोष्ट सांगत बसा.

असं का, तर या केसाचं मूळच त्वचेत वळलेलं असतं आणि केसही गोल नाही, जरा चपटा. टाळूचं तेल सरळ केसांवरून टोकापर्यंत उतरतं, ते इतक्या वळणांवरून उतरत नाही, म्हणून केस कोरडे राहतात आणि प्रत्येक वळणावर तुटू शकतात. म्हणून रोज धुवू नका, आठवड्यातून एकदा पुरे. मधल्या दिवसांत सकाळी स्प्रेने पाणी मारायचं आणि त्यावर थोडं तेल. पाणी आधी, तेल नंतर, कारण ओलावा पाण्याचा असतो, तेल तो फक्त धरून ठेवतं. आपलं खोबरेल उत्तम, ते केसाच्या आत शिरतं, धुण्याच्या आदल्या रात्री लावा. सुनेने शिया बटर पाठवलं तर तेही वापरा. शियाची झाडं उत्तर घानात होतात, तिथल्या बायका बियांपासून ते काढतात, अगदी आपल्या भिरंडेलासारखं, म्हणजे कोकमाच्या तेलासारखं घट्ट असतं, तळहातावर चोळलं की विरघळतं. आणि रात्री उशीला साटीनचा अभ्रा घाला, सुती कापड ओलावा शोषून घेतं.

खरं तर सुनेलाच फोन करा, निघायच्या आधी तिने कॉर्नरो, म्हणजे टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या वेण्या, किंवा साध्या बारीक वेण्या घालून पाठवलं तर दोन आठवडे तुम्हाला फक्त टाळूला तेल लावायचं काम. तुम्हीच वेण्या घालणार असाल तर सैल घाला. कपाळाकडे कातडी ताणली गेली तर लगेच सोडा, सतत घट्ट वेण्यांनी तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

स्मूदनिंग नाही म्हणजे नाही, काकी. केस सरळ करायच्या काही क्रीममध्ये कॉस्टिक सोडा असतो, टाळू भाजते, आणि सात वर्षांच्या पोरीला त्यातून कळणार काय, तर तिचे केस चुकीचे आहेत. हे आफ्रिकी वंशाच्या लोकांनी खूप सोसलंय हो. 1786 मध्ये आजच्या अमेरिकेतल्या लुइझियानाच्या गव्हर्नरने काळ्या बायकांनी केस फडक्याखाली झाकावेत असा हुकूम काढला, तर त्यांनी रंगीत फडकी अशी काही डौलात बांधली की तोच दागिना झाला. 1960 च्या दशकात मोठा गोल आफ्रो ठेवणं हीच अभिमानाची खूण होती. आणि तरी नोकरीत, शाळेत केसांवरून कुणाला अडवू नये म्हणून कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला तो 2019 मध्ये!

शेजारणीने विचारलं की हिचे केस वाढत नाहीत का, तर ओली बट हळूच ताणून दाखवा, सुकल्यावर निम्म्याहून कमी दिसते इतकंच. आणि पोरीने विचारलं की इथे माझ्यासारखं कुणी नाही का, तर सांगा आहेत, इथून जवळच, कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी लोक आहेत, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, कित्येकांना पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलं होतं, आणि ते आज घरी कोकणी बोलतात.

चवथीला अबोलीची फाती माळायचीच. आफ्रो मोकळा असेल तर कानामागून गोलाकार फिरवा, वेण्या असतील तर त्यातच दोरा ओवून घ्या, पिना टाळूला टोचू देऊ नका. कुठे माळायची ते मात्र आरसा हातात देऊन तिलाच विचारा.