कारला बाइकच्या थ्रॉटल बॉडी लावतोयस, आधी ब्रेकचं बघ

भावा, थ्रॉटल बॉडीचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपांचा) सेट घेण्याआधी कारच्या इंजिन हेडच्या पोर्टचं, म्हणजे हवा आत जायच्या भोकांचं, सेंटर-टू-सेंटर अंतर मोज. बाइकच्या बॉडींचं बहुतेक कमी भरतं. मग बॉडी सुट्या करून त्यांना जोडणारं लिंकेज वाढवावं लागतं. मॅनिफोल्ड (बॉडी हेडला जोडणाऱ्या नळ्या) एमआयडीसीत वेल्ड करून मिळेल, पण फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी पट्टी, सपाट हवी. केसाएवढ्या फटीतूनही हवा ओढते आणि आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनची गती) वर-खाली होतं.

खरी काळजी ब्रेकची. मी ब्रेक बूस्टरची (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करतो तो) नळी एकाच रनरवरून, म्हणजे मॅनिफोल्डच्या एकाच सिलिंडरच्या नळीवरून, घेतली, वन-वे व्हॉल्व्ह राहून गेला. साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट उतरताना दोन-तीनदा ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखं कडक! गाडी कशीबशी थांबवली. तू चारही रनरच्या नळ्या एका छोट्या टाकीत आण, व्हॉल्व्ह लाव.

व्हॅक्यूम गेजवर चारही बॉडी सारख्या झाल्याशिवाय ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मॅपला, म्हणजे पेट्रोलच्या सेटिंगला, हात लावू नकोस.