छप्पर उतरवलं, साडेसहा लाख घेतले आणि कंत्राटदार गायब

डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे: ‘दिवंगत वडिलांच्या नावावरचं जुनं कौलारू घर दुरुस्तीला काढलं. कंत्राटदार लायसन्सवाला आहे असं ऐकलं होतं. साहित्यासकट अकरा लाख ठरले. लेखी करार केला नाही. दर व्हॉट्सअ‍ॅपवर ठरले आणि पैसे मिळाल्याच्या सह्या त्याने माझ्या डायरीत केल्या. साडेसहा लाख दिले, त्यातले पाच बँकेतून. त्याने छप्पर उतरवलं, सागवानी वासे आणि कौलं टेम्पोत घालून नेली, अर्ध्या घरावर स्लॅब टाकला आणि एप्रिलपासून फिरकला नाही. दर वाढले म्हणून अकरा लाखांवर आणखी तीन लाख दिल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतो. त्याच्याकडे कसलंच लायसन्स नाही असं आता कळतंय. मग आमचा व्यवहारच रद्द होतो का? पोलिसांत जाऊ का? शिवाय पंचायतीने काम थांबवण्याची नोटीस दिली आहे. दुरुस्तीला परवानगी लागत नाही असं तोच म्हणाला होता. भाऊ मुंबईला असतो, त्याची तोंडी संमती आहे.’

ताई, नोटिशीचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी केलात, पण सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी. ती कंत्राटदाराच्या नावाने आलेली नाही, तुमच्या नावाने आली आहे. गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे घर बांधायला किंवा असलेल्या घरात फेरफार करायला पंचायतीची लेखी परवानगी लागते आणि ती घेण्याची जबाबदारी मालकाची असते. फुटलेली कौलं बदलणं, गिलावा करणं ही दुरुस्ती झाली. कौलारू छप्पर काढून कॉलम उभे करून स्लॅब घालणं ही दुरुस्ती राहत नाही. त्यासाठी आर्किटेक्ट किंवा नोंदणीकृत इंजिनियरने केलेले नकाशे, नगर नियोजन खात्याचा तांत्रिक दाखला आणि मग पंचायतीचा परवाना, असा रस्ता आहे.

नोटिशीवर जी मुदत लिहिली असेल, त्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. काम थांबवलं आहे, कंत्राटदाराने चुकीची माहिती दिली, रीतसर परवानगीसाठी अर्ज करत आहे, एवढं सरळ लिहा. पावसात घर पडू नये म्हणून ताडपत्री किंवा पत्र्याचं तात्पुरतं आच्छादन घालू द्यावं, अशी विनंतीही त्याच अर्जात करा. पाडण्याचा आदेश निघालाच तर पंचायत संचालनालयाकडे अपील करता येतं. तो हातात पडला की एक दिवसही घालवू नका. सरपंच ओळखीचे आहेत, सांभाळून घेतील, या भरवशावर राहू नका. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये बेकायदा बांधकामांबद्दल कडक आदेश दिल्यापासून पंचायतींना काणाडोळा करणं जड जातं. ‘नंतर नियमित करून घेऊ’ असंही कोणी सांगेल. २०१६ चा नियमितीकरणाचा कायदा २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या बांधकामांसाठी आहे, तुमच्या स्लॅबला त्याचा उपयोग नाही.

भावाची तोंडी संमती इथे पुरणार नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) अजून वडिलांचं नाव असेल तर तुम्ही दोघंही सहमालक आहात, आणि अर्जासोबत त्याची लेखी, नोटरी केलेली संमती जोडावी लागेल. तुमच्या आई हयात असतील तर त्यांचीही. वारसाचे कागद झालेले नसतील तर तेही याच निमित्ताने मार्गी लावा.

आता लायसन्सचं. खासगी घर बांधणाऱ्या कंत्राटदाराने परवाना घेतलाच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. लोक ज्याला लायसन्स म्हणतात ती बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम खात्यातली नोंदणी असते. ती सरकारी निविदा भरण्यासाठी लागते. तुमचं घर तो नीट बांधेल याची हमी तिच्यात नसते. जीएसटी क्रमांक हाही करापुरताच. म्हणून त्याच्याकडे कागद नाही या कारणाने तुमचा व्यवहार रद्द होत नाही, आणि तो रद्द न होणं तुमच्याच फायद्याचं आहे. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो. अकरा लाखांत काम करायचं त्याने कबूल केलं होतं. दर वाढले म्हणून मधेच तीन लाख मागून काम अडवणं हा करारभंग आहे आणि कलम ७३ खाली तुम्हाला नुकसानभरपाई मागता येते. ते तीन लाख देऊ नका.

पण भरपाई मागायची तर किती, हे आधी सिद्ध करावं लागतं. अशा प्रकरणांत बाजू इथेच लंगडी पडते. लोक रागाच्या भरात दुसरा कंत्राटदार आणतात, तो काम पुढे नेतो आणि पहिल्याने किती केलं होतं याचा पुरावाच उरत नाही. तेव्हा ताडपत्री घालण्याआधी एका नोंदणीकृत इंजिनियरकडून मोजमाप करून घ्या: किती चौरस मीटर स्लॅब झाला, कॉलमचा लोखंडी गज किती जाडीचा, भेगा कुठे आहेत, झालेल्या कामाची किंमत किती, उरलेलं पुरं करायला आज किती लागतील. त्याने जागेवर येऊन फोटोंसकट सही-शिक्क्याचा अहवाल द्यावा. तुमच्या दाव्याचा सगळा भार या अहवालावर असेल, म्हणून त्याच्या फीकडे पाहू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा एकही मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडून ते मेसेज पुराव्यात दाखल करता येतात. ‘परवानगी लागत नाही’ हे त्याने लिहून पाठवलं असेल तर तो मेसेज सर्वांत महत्त्वाचा. कामच बेकायदा होतं, मग भरपाई कसली, हा मुद्दा समोरचा वकील काढणारच. त्याला तुमचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

हे हाती आलं की वकिलामार्फत त्याला नोटीस पाठवा. पंधरा दिवसांत हिशेब देऊन जास्तीची रक्कम आणि नेलेलं सामान परत कर, एवढाच मजकूर पुरे. दाद मिळाली नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निकालातच सांगितलं, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येतही ते आहे. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. तुम्ही साडेसहा लाख दिले आहेत, त्यावर फी दोनशे रुपये. मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या जमिनीवर लावलेल्या कंत्राटदारासाठी रेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा) उपयोग नाही, तिकडे वेळ घालवू नका.

पोलिसांबद्दल मी सावध सल्ला देते. काम अर्धवट सोडलं म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि तुमच्या कंत्राटदाराने स्लॅबपर्यंत काम केलं आहे. पण वासे आणि कौलांची गोष्ट वेगळी आहे. जुनं सामान कंत्राटदाराचंच असतं असं तो म्हणेल. तसं ठरलं नसेल तर ते मालकाचंच. जुन्या सागवानाला आज चांगली किंमत येते, आणि तुमच्या छपराचे वासे त्याने विकले असतील तर विश्वासघाताची तक्रार देण्याजोगं हे प्रकरण आहे. वाशांची लांबी, संख्या, छप्पर उतरवण्याआधीचे घरातले फोटो (सणाच्या, लग्नाच्या फोटोत वासे दिसत असतील तर तोही चालेल), टेम्पो पाहिलेल्या शेजाऱ्याचं नाव, हे सगळं तक्रारीत घाला.

परवानगी आल्यावर नवा कंत्राटदार घ्याल, तेव्हा त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत बांधलेली घरं पावसात जाऊन बघा, मालकांशी बोला. करार स्टॅम्प पेपरवर करा. सिमेंट, लोखंड, चिरे, कौलं कोणती आणि किती, हे एस्टिमेटमध्ये लिहून घ्या, जुन्या सामानाचं काय करायचं तेही. पैसे टप्प्याटप्प्याने, तुमच्या इंजिनियरने टप्पा पाहिल्यावर, आणि बँकेतूनच द्या. वायरिंग मात्र परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडूनच करून घ्या; तिथे परवाना खरोखर कायद्याने लागतो आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट वीज खातं मागतं. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवायचे, हे कलम करारात घालायला तो तयार नसेल तर दुसरा शोधा.