मोठ्या पास्टरचा प्रोजेक्ट आणि तुझी नोकरी

प्रिय बेटा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, लांबलचक होता पण बरं वाटलं, निदान विचारायचं तरी सुचलं तुला. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झाल्या झाल्या नंदुरबारकडच्या धडगावला फिल्ड कोऑर्डिनेटरची जागा, पगार इकडच्या कुठल्याही संस्थेपेक्षा बरा, मागे अमेरिकेतलं हजारो लोकांचं चर्च आणि ज्याचे रील तू कॉलेजपासून ऐकतेस तो पास्टर. घरचे खूश आहेत. आणि तरी तू विचारतेस की तात्या, माझ्या मनात शंका येते म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का. नाही बेटा. उलट ज्याला शंका येत नाही त्याला मी ट्रस्टच्या कॅशला हात लावू देणार नाही.

तुला माहितीये, मी काही पाळक, म्हणजे पास्टर, नाही, आयुष्यभर धुळ्यात बसून ट्रस्टांच्या वह्या लिहिल्या, मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, दानपेटी मोजली, ऑडिटरच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे मी सांगणार ते हिशोबाच्या अंगानेच सांगणार, ते गोड मानून घे.

पहिलं म्हणजे हा पास्टर चोर आहे का हे शोधत बसू नको. सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच चुकतं, कारण बरेचसे चोर नसतात. कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चचे संस्थापक रिक वॉरेन बघ, २००२ साली आलेलं त्यांचं पुस्तक कोट्यवधींनी खपलं, त्यातून इतका पैसा आला की त्यांनी चर्चचा पगार घेणं बंद केलं, आधीचा घेतलेला परत केला आणि उत्पन्नाचे नव्वद टक्के देऊन टाकतो असं ते सांगतात. आपल्याकडे दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला द्यायला लोक कां-कूं करतात, हा माणूस उलटा दशमांश देतो. म्हणजे पैशाच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही. पण याच माणसाने २००५ साली गरिबी, आजार, निरक्षरता सगळ्यावर चर्चच्या स्वयंसेवकांतून उपाय करायचा पीस प्लॅन काढला आणि अख्खा रवांडा देश त्याच्यासाठी निवडला, राष्ट्राध्यक्ष कागामेंशी दोस्ती, त्यांचं जाहीर कौतुक. पुढे २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याच कागामे सरकारवर काँगोतल्या एम२३ बंडखोरांना मदत केल्याचा ठपका ठेवला, आणि २०१८ मध्ये त्याच सरकारने एकट्या राजधानी किगालीत सातशेच्या वर चर्चना कुलूप लावलं, कारण काय तर इमारती सुरक्षित नाहीत, आवाज फार होतो. आता मला सांग, रवांडातल्या एखाद्या खेड्यातल्या बाईला हा प्लॅन पटला नसता तर तिने कोणाला सांगायचं होतं? वॉरेनला मत देऊन तिने निवडलेलं नाही, त्याला ती काढूही शकत नाही. माणूस चांगला असूनही हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

आपल्या मंडळीतल्या साक्रीकडच्या आजी आठवतात ना, कुठल्याही मोठ्या चंगाई सभेचं, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेचं, पोस्टर दिसलं की एकच विचारायच्या, "त्याले इचारनारा कोन शे?" बस, मला तेच म्हणायचंय, बाकी सगळं पत्र त्याचाच विस्तार समज.

आता जिथे विचारणारं कोणी नव्हतं तिथे काय झालं ते ऐक. सिंगापूरचं सिटी हार्वेस्ट चर्च. पास्टर कॉंग ही, बायको गायिका. तिला पॉपस्टार करायचं आणि त्यातून जे लोक चर्चमध्ये पाय ठेवत नाहीत त्यांच्यापर्यंत सुवार्ता न्यायची, असा तो आउटरीच. लोकांनी बिल्डिंग फंडात टाकलेला पैसा खोटे बाँड दाखवून तिच्या करिअरमध्ये गेला आणि तो लपवायला अजून पैसा फिरवला, सगळं मिळून पाच कोटी सिंगापूर डॉलरच्या घरात. २०१५ मध्ये पास्टरसकट सहा जण दोषी ठरले, त्याची आठ वर्षांची शिक्षा अपिलात साडेतीन वर्षांवर आली. आणि गंमत म्हणू की काय म्हणू, यातल्या कोणीही स्वतःच्या खिशात पैसा टाकला नाही असंच त्यांचं म्हणणं होतं, सगळं सेवेसाठीच केलं म्हणे. सेवा हे नाव लागलं की वहीतला कुठलाही रकाना कुठेही सरकवता येतो असं वाटायला लागतं, हे मी छोट्या प्रमाणावर इथेही पाहिलंय.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, म्हणजे आपलं नाव वापरलेलं. सिएटलचं मार्स हिल चर्च. ग्लोबल फंड म्हणून देणग्या मागायचे, व्हिडिओत इथिओपिया आणि भारत. २०१४ मध्ये लोकांनी खोदून विचारल्यावर चर्चनेच कबूल केलं की या नावाखालचा जास्तीत जास्त खर्च अमेरिकेतल्याच शाखांवर झाला, इथिओपिया-भारताला त्याशिवाय काही रक्कम दिली. त्याच वर्षी पास्टर मार्क ड्रिस्कॉलने राजीनामा दिला आणि २०१५ उजाडता उजाडता चर्चच विसर्जित झालं. म्हणजे आपल्याकडच्या पाड्यावरचं पोर फोटोत, आणि फोटोची कमाई कुठे तर वॉशिंग्टन राज्यात. गॉस्पेल फॉर एशियाचं तू ऐकलं असशील, ते चर्च नाही, मिशन आहे, संस्थापक मूळ केरळचे, ऑफिस टेक्सासला, मुलांना दत्तक घ्या, विहिरी खोदा म्हणून पैसा गोळा करणारं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थांच्याच आर्थिक शिस्तीच्या मंडळाने त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं, आणि २०१९ मध्ये देणगीदारांच्या दाव्यात त्यांनी ३.७ कोटी डॉलरवर तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही, हेही लिहिलंच पाहिजे.

तू म्हणशील तात्या, अमेरिकेत तर कायदे कडक असतात. बाकीच्यांना असतील बेटा. तिथे धर्मादाय संस्थेला दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो, त्यात वरच्यांचे पगारसुद्धा दिसतात, कोणीही काढून वाचू शकतो. चर्चला त्यातून सूट. २००७ मध्ये सिनेटर ग्रासली यांनी सहा बड्या टीव्ही-प्रचारकांना हिशोब मागितला, विमानं, बंगले, सगळ्याची विचारणा केली, त्यातल्या दोघांनीच नीट सहकार्य केलं आणि २०११ मध्ये कोणालाही दंड न होता चौकशी गुंडाळली. याउलट आपल्या महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे, त्यात देऊळ, मठ, चर्च सगळे एकाच दावणीला, सगळ्यांनी धर्मादाय आयुक्ताकडे नोंद करायची, ऑडिट द्यायचं. आपलं ऑफिस ढिलं असेल, फाईल सापडायला महिना लागेल, पण मागायचा हक्क आहे. तो वापर.

काय मागायचं? ज्या ट्रस्टच्या नावाने तुझं ऑफर लेटर आहे त्याचा शेड्युल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, उतारा, त्यात विश्वस्तांची नावं असतात. ती नावं वाच. नवरा, बायको, मेव्हणा आणि एक फॅमिली डॉक्टर असेल तर तिथे कोण कोणाला विचारणार. मग शेवटचा ऑडिट रिपोर्ट. आणि पैसा परदेशातला आहे म्हणजे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, त्या पैशाच्या वार्षिक हिशोबाचा फॉर्म एफसी-४ भरलेला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैशातला प्रशासनाचा खर्च वीस टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आधी पन्नास टक्के चालायचा, आणि एका संस्थेने घेऊन दुसऱ्या संस्थेला पुढे देणंही बंद झालंय. म्हणून नीट विचार की माझा पगार नेमका कोणाच्या खात्यातून येणार. पुण्याची एक संस्था घेते आणि आम्हाला पाठवते असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ घरी ये.

आता कागद सोडून कामाचं सांगतो, तुझं शिक्षण त्याचंच आहे.

मोलगीकडच्या एका पाड्यावर असाच एक कॅम्प मी बघितला होता, संस्थेचं नाव घेत नाही. शाळेच्या ओट्यावर बॅनर, बॅनरवर पास्टरचा फोटो गावाच्या नावापेक्षा मोठा, बाहेरून आलेली टीम एकसारखे टी-शर्ट घालून. पोराचं वजन केलं की एका रजिस्टरमध्ये टिक, त्यालाच टूथब्रश दिला की दुसऱ्या रजिस्टरमध्ये, मग त्याला चित्रांची गोष्ट सांगितली की तिसऱ्यात. संध्याकाळी तिन्हींची बेरीज झाली आणि तेवढे लाभार्थी वर कळवले. एक बाई सांधे धरून बसलेली, डोळे पिवळट, आपल्या सातपुड्यात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, किती आहे हे तुला पुस्तकातून माहितीच आहे, तर तिला कॅल्शियमची पट्टी, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, एक फोटो. रक्त तपासायला कोणी सांगितलं नाही, कारण टीमचं विमान होतं आणि पुढच्या आठवड्यात ती बाई कुठे जाईल हे कोणाच्याच कामात धरलेलं नव्हतं. वजनाच्या रजिस्टरमधली कमी वजनाची पोरं अंगणवाडीताईला कळवली का म्हणून मी विचारलं तर तो पोरगा म्हणाला, अंकल, वो हमारे स्कोप में नहीं है.

आणि दुसरीकडे नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल बघ, स्वातंत्र्याच्या आधीपासून तिथेच आहे. तेही मिशनचंच. म्हणून मी सरसकट सगळ्यांना नावं ठेवणाऱ्यातला नाही. रावेरचा व्यापारी केळीचा भाव बागेत उभं राहून करतो, फोटोवर करत नाही, तूही सही करायच्या आधी दोन दिवस धडगावला जा आणि जिथे हा प्रोजेक्ट आधी चाललाय त्या पाड्यावर विचार की टीम गेल्यावर काय राहिलं. आशाताईला विचार, ती खरं सांगेल.

प्रार्थनेचंही बोलून घेतो, हे नाजूक आहे. गोळी आणि प्रार्थना एका टेबलावर नको. मी स्वतः प्रार्थना करणारा माणूस आहे तरी म्हणतो, नको. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि रमाबाई म्हणजे किती मोठी, किती सरळ बाई. आज त्या जागी तू असशील आणि वातावरण काय आहे हे तुला सांगायला नको. गावात तक्रार झाली तर पोलीस स्टेशनला तुला बोलावतील, ह्यूस्टनचा किंवा कॅलिफोर्नियाचा पास्टर काही येत नाही. ज्याला औषध हवंय त्याला औषध मिळेल, तो कोणत्याही धर्माचा असो, बदल्यात काही ऐकावं लागणार नाही, हे त्यांच्याकडून लेखी घे. लिहून द्यायला का-कू केली तर तुझं उत्तर तुला मिळालं.

आणि कोणी म्हणालं की अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडलेल्या माणसाला, प्रश्न विचारू नये, हे वाक्य तुला नक्की ऐकवतील, तर त्यांना बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून दे. विधवांना अन्नवाटपात डावललं म्हणून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली. प्रेषित पौलानेसुद्धा करिंथकरांना, म्हणजे करिंथच्या मंडळीला, लिहिलंय की देणगी न्यायला मंडळ्यांनी नेमलेले भाऊ बरोबर आहेत, म्हणजे आमच्यावर कोणी दोष ठेवायला नको. पौलाला सोबत माणूस लागला, यांना लागत नाही.

एक मात्र सांभाळ, या सगळ्याचा राग आपल्या गावातल्या छोट्या पास्टरवर काढू नको. तो बिचारा मोटरसायकलवर पाडे फिरतो, दानात अर्धी पिशवी तांदूळ आणि कोंबडी मिळते, आणि त्याच्या मंडळीतला कोणीही उपासनेनंतर त्याची कॉलर धरू शकतो. धरतातही, मी पाहिलंय.

तर आता असं कर. त्यांना म्हण जॉइनिंगला पंधरा दिवस द्या. उतारा, ऑडिट आणि एफसी-४ मेलवर मागव, आले की मला व्हॉट्सअ‍ॅप कर, पीडीएफ कर, फोटो नको, मला बारीक अक्षर दिसत नाही आता. ऑडिटच्या खर्चाच्या पानावर प्रवास, व्हिडिओ-प्रसिद्धी आणि औषधं हे तीन आकडे मी आधी बघणार आहे. घरी पप्पांना काय सांगायचं ती काळजी करू नको, मी फोन करतो.

तुझा,
तात्या